मोरीच नसलेलं घर : जन्मजात शिरांचे दोष आणि किडनी प्रत्यारोपण

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. वक्ते किडनी प्रत्यारोपण करणारे शल्यचिकित्सक आहेत. बोलण्यातली लय शक्यतो तशीच ठेवली आहे, फक्त पुनरुक्ती काढली आहे. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मागच्या वेळी आपण डायलिसिसवर बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले त्यात एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. "घरातलं माणूस किडनी द्यायला तयार आहे, रक्तगट जुळतोय, क्रॉसमॅच झालंय, मग डॉक्टर अजून सीटी स्कॅन कशाला सांगतात? तेही देणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचा? बिल वाढवायला का?" एकाने तर सरळ असंच लिहिलंय. मला राग आला नाही. ज्यानं पतसंस्थेचं कर्ज काढून ऑपरेशनचे पैसे उभे केलेत, तो असं विचारणारच.

उत्तर म्हणून एक केस सांगतो. बरीच वर्षं झाली तिला. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना तुम्ही शोधत बसायला नको.

सोलापूर जिल्ह्यातला मुलगा, वय चोवीस. आयटीआय झालेला, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलेलं : उजवी किडनी दिसत नाही, डावी आकसलेली. म्हणजे जन्मापासून एकाच किडनीवर चाललेलं, आणि तीही गेली. किडनी देणार आई. वय सेहेचाळीस, शेतात काम करणारी, तब्येतीनं खणखणीत. कायद्याच्या दृष्टीनंही सोपं. १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको यांना जवळचे नातेवाईक मानतो, २०११च्या दुरुस्तीत त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. कागदपत्रं भराभर झाली. तारीख ठरली.

आता ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात हे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बऱ्याच लोकांना वाटतं की जुनी किडनी काढून तिच्याच जागी नवी बसवतात. स्कूटरचा पार्ट बदलल्यासारखं. तसं नसतं. जुन्या किडन्या सहसा जिथल्या तिथे राहतात. नवी किडनी आपण खाली, जांघेच्या जरा वर, बहुतेक वेळा उजव्या बाजूला बसवतो. तिथं पायाकडे जाणारी शुद्ध रक्ताची धमनी आणि पायाकडून परत येणारी शीर, दोन्ही हाताशी असतात. मूत्राशयही शेजारीच. तीन जोड द्यायचे : किडनीची धमनी धमनीला, शीर शिरेला आणि मूत्रनळी मूत्राशयाला.

रक्तवाहिन्या एकमेकींना शिवायची ही कला तशी जुनी नाही. अलेक्सी कारेल नावाच्या फ्रेंच सर्जननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बसवली आणि त्यासाठी बारीक सुई-दोरा चालवायला तो लियों शहरातल्या भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे शिकला, असं सांगतात. १९१२ला त्याला नोबेल मिळालं. मग १९५४च्या डिसेंबरात बॉस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी जुळ्या भावाला बसवली, ती पहिली यशस्वी. आपल्याकडे १९७१मध्ये वेल्लोरला. टाके आजही मूळ कारेलच्याच पद्धतीचे, दोरा फक्त रेशमाऐवजी प्लास्टिकच्या जातीचा.

यातला धमनीचा जोड लोकांच्या लक्षात राहतो, शिरेचा राहत नाही. मी पेशंटला नेहमी घरातलं उदाहरण देतो. धमनी म्हणजे नळ, शीर म्हणजे मोरी. नळ कितीही जोरात आला तरी मोरी तुंबलेली असली तर स्वयंपाकघरात काय होईल? बसवलेल्या किडनीतून मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त फिरतं. मिनिटाला! हे सगळं रक्त शिरेवाटे हृदयाकडे परत गेलं पाहिजे. नाही गेलं तर किडनी फुगते, निळी-काळी पडते, आत गुठळी होते, कधी कधी चक्क फाटते. आणि हे तासाभराचं काम असतं, दिवसांचं नाही.

दोन्ही पायांच्या शिरा पोटात एकत्र येऊन एक मोठी शीर होते, तिला आम्ही आयव्हीसी म्हणतो. अंगठ्याएवढी जाड असते, मणक्याच्या उजव्या अंगानं वर जाते, वाटेत दोन्ही किडन्यांच्या शिरा घेते, यकृतामागून निघते आणि हृदयात शिरते. ही शीर गर्भात साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात तयार होते, आणि एकसंध होत नाही. शिरांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या आधी तयार होतात, मग त्यांचे काही भाग विरून जातात, काही जोडले जातात. रस्ता तुकड्या-तुकड्यानं बांधून नंतर जोडावा तसं. आता हा कंत्राटदार बहुतेक वेळा चोख काम करतो, हेच नवल. कधी चुकतो. कुणाची आयव्हीसी डाव्या बाजूला असते. कुणाला दोन असतात. आणि कुणाला किडनीच्या खालचा भाग नसतोच.

नसतो म्हणजे? मग पायांतलं रक्त परत कसं येतं? येतं ना. आडवाटेनं. मणक्याभोवतीच्या बारीक शिरा, पाठीमागच्या शिरा, पोटाच्या कातडीखालच्या शिरा, सगळ्या फुगतात आणि तो भार उचलतात. माणूस चालतो, फिरतो, कबड्डी खेळतो. त्याला पत्ताच नसतो. अडचण होते ती दोनच वेळा. एक म्हणजे तरुणपणीच पायात गुठळी होते. आणि दुसरं, कोणीतरी त्याच्या जांघेत नवीन किडनी जोडायला जातो.

तर मंडळी, मी जोडायला गेलो.

सकाळी साडेआठला आईला बाजूच्या ओटीत घेतलं. माझे सहकारी दुर्बिणीतून तिची डावी किडनी मोकळी करत होते. डावी घेतात कारण तिची शीर उजवीपेक्षा लांब असते, जोडायला सोपी जाते. मी इकडे मुलाच्या उजव्या जांघेवर छेद घेतला. धमनी सापडली, छान उसळी मारत होती. तिच्या शेजारची शीर शोधायला लागलो. हाताला लागली ती एक पांढरट, कडक दोरी. शीर अशी नसते. शीर निळसर, मऊ, ओल्या फडक्यासारखी लागते. मी वर गेलो, खाली गेलो. वर दोरीच होती. आजूबाजूला मात्र गांडुळांसारख्या वेड्यावाकड्या, पातळ भिंतीच्या शिरांचं जाळं. जरा धक्का लागला की भळभळ रक्त.

साधारण वीस मिनिटं मी मान्य केलं नाही. डावीकडे उघडावं का, हाही विचार आला. मग भूलतज्ज्ञ मॅडमनी शांतपणे विचारलं, "सर, तिकडे सांगायचं का थांबायला?"

तिकडे आईची किडनी पूर्ण मोकळी झाली होती. धमनीला क्लिप लावायची तेवढी बाकी होती. क्लिप लागली असती तर किडनी बाहेर आली असती, आणि ती ठेवायला जागा नव्हती. मी नर्सला म्हटलं, धावत जा. फोन नको, धावत जा.

आईला बंद केलं. मुलाला बंद केलं. दोघांच्याही पोटावर टाके आणि किडनी आहे तिथेच. बाहेर वडील उभे होते, हातात प्रसादाची पुडी. मी त्यांना ओटीच्या कपड्यांतच खाली बाकावर बसवलं आणि सांगितलं, "काका, ऑपरेशन झालं नाही. शिरेला जागा नाहीये. हे मला आधी कळायला हवं होतं." ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच विचारलं, "दोघं जिती हायत न्हवं?"

त्या रात्री मी फाईल पुन्हा काढली. सगळं त्यात होतं. एकोणिसाव्या वर्षी डावा पाय सुजला होता, गुठळी निघाली होती, तापात पडून राहिल्यामुळे झाली असं कोणीतरी लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या डायलिसिसच्या वेळी जांघेतून नळी घालायचा प्रयत्न झाला होता. वायर वर गेली नाही, म्हणून मानेतून घातली, ही ओळ डिस्चार्ज कार्डावर. आणि उजवी किडनी जन्मापासून नाही. किडनीचा जन्मजात दोष, आयव्हीसीचा जन्मजात दोष आणि पायातली गुठळी या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात हे पुस्तकात आहे, इंग्रजीत त्याला 'किल्ट' असं संक्षिप्त नावसुद्धा आहे. मला ते माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण जांघेच्या डॉप्लरचा रिपोर्ट 'नॉर्मल' होता आणि मी त्या एका शब्दावर विसावलो. डॉप्लर खोटं बोलला नव्हता. जांघेत शीर उघडीच होती, रक्तही वाहत होतं. ते वर जाऊन कुठल्या वाटेला लागतं हे डॉप्लर करणाऱ्यानं पाहिलं नव्हतं, कारण मी तेवढं विचारलंच नव्हतं. आणि पोटातल्या गॅसमुळे खोलवरचं तसंही नीट दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या पोटाकडे बघितलं तर बेंबीखाली निळ्या शिरांची नक्षी. म्हटलं, "हे कधीपासून?" म्हणाला, "हे हायच की सर लहानपनापासनं. पोरं नकाशा म्हनायची."

मग सीटी व्हेनोग्राफी केली, म्हणजे शिरेत औषध सोडून शिरांचा नकाशा. डायलिसिसवरच्या माणसात त्या औषधानं किडनी बिघडेल ही भीती फारशी उरलेली नसते, हा एक विचित्र फायदा. ज्यांचं डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही त्यांच्यात मात्र विचार करावा लागतो. चित्रात स्पष्ट दिसलं : किडनीच्या पातळीच्या खाली आयव्हीसी नाही. वर आहे, आणि चांगली आहे. आता हा भाग गर्भातच बनला नाही की बनून गुठळीनं बुजला, यावर जाणकारांत वाद आहे. पेशंटच्या दृष्टीनं फरक काही नाही.

आईनं त्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, ह्यो पोटात असताना गिरान लागलं हुतं, मी इळीवर भाजी चिरली. त्यानंच झालं का?" चोवीस वर्षं ते मनात घेऊन ती बाई वावरत होती, मुलाची एक किडनी नाही हे कळल्यापासून तर जास्तच. मी म्हटलं, "मावशी, शिरा बनतात तेव्हा गर्भ भुईमुगाच्या दाण्याएवढा असतो. तुम्हाला दिवस गेलेत हे तेव्हा जेमतेम कळलं असेल. ग्रहणाचा आणि विळीचा काही संबंध नाही." तिला पटलं की नाही माहीत नाही. मान हलवली.

आता करायचं काय? अशा पेशंटला पूर्वी सरळ सांगायचे की प्रत्यारोपण होणार नाही, डायलिसिसवर राहा. आता तसं नाही. जगभरात सर्जननी वेगवेगळ्या वाटा काढल्यात. कोणी किडनीची शीर आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेला जोडतात. कोणी फुगलेल्या एखाद्या आडवाटेलाच जोडतात. ती पुरेशी रुंद असेल तर चालतं. आणि एक वाट म्हणजे किडनी तिच्या मूळ जागी, बरगड्यांखाली बसवायची. बार्सिलोनाच्या गिल-व्हर्ने यांनी ही पद्धत १९७०च्या दशकात मांडली : डावीकडची जुनी किडनी काढायची, नव्या किडनीची धमनी प्लीहेच्या धमनीला जोडायची, शीर जुन्या किडनीच्या शिरेला. प्लीहा त्यानं मरत नाही, तिला जठराकडून बारीक धमन्या येत असतात.

आमच्या मुलात एक गंमत होती. डावी किडनी सुपारीएवढी आकसलेली, पण तिची शीर चांगली बोटभर जाड. कारण पायांकडचं बरंचसं रक्त आडवाटेनं तिच्यातच येऊन पडत होतं. आम्हाला मोरी सापडली होती. पण ती आधीच वापरात होती! म्हणजे ती तोडून तिच्या तोंडाला नवी शीर लावली असती तर पायांचं रक्त अडलं असतं आणि पाय सुजून हत्तीसारखे झाले असते. म्हणून तोडायची नाही, तिच्या अंगाला खिडकी पाडून तिथं जोड द्यायचा. आणि जुनी किडनी काढताना सवयीनं हात जातो तसा त्या आडवाटेच्या शिरांना गाठ मारायची नाही. हे मी ओटीतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

राहिला प्रश्न आईचा. तिची डावी किडनी एकदा मोकळी केलेली, आत सगळं चिकटलेलं असणार. उजवी घ्यावी तर तिची शीर आखूड, आणि खोलवर बरगड्यांखाली जोडायची तर लांबी हवी. म्हणजे डावीच, पण दुर्बिणीनं नाही, उघडून. मोठी जखम, जास्त दुखणं. मी तिला सगळं सांगितलं. नाही म्हणालात तर कोणी काही म्हणणार नाही, मुलाला मीच सांगेन की वैद्यकीय कारण आहे, हेही सांगितलं. हे वाक्य मी प्रत्येक दात्याला एकट्यात सांगतो. ती म्हणाली, "एकदा दिली म्हनलं की दिली. तुमी औंदा नीट बघून घ्या म्हंजे झालं."

पाच महिन्यांनी पुन्हा तीच दोन थिएटरं. या वेळी मी मुलाच्या पोटात आधी गेलो, जुनी किडनी काढली, शीर आणि धमनी हातात धरून खात्री केली, आणि मगच तिकडे निरोप पाठवला की आता घ्या. वेळ जास्त गेला. आईच्या किडनीला दोन धमन्या होत्या, एक मुख्य आणि एक खालच्या टोकाला जाणारी बारीक. हे तसं अपूर्वाईचं नाही, साधारण चार माणसांत एकाला जास्तीची धमनी असते. आणि हे आम्हाला तिच्या सीटीवरून पहिल्यापासून माहीत होतं. देणाऱ्याचा नकाशा आम्ही चोख काढला होता, घेणाऱ्याचा नाही! वरच्या टोकाची बारीक धमनी असेल तर कधी सोडून देता येते, खालची नाही. मूत्रनळीला तिच्यातूनच रक्त मिळतं, ती गेली तर नळी सडते. म्हणून बर्फात ठेवलेल्या किडनीवर दोन्ही धमन्यांची तोंडं एकमेकींना शिवून एक तोंड केलं. पायजम्याचे दोन पाय वर एकत्र येतात ना, तसं.

क्लॅम्प काढल्यावर किडनी गुलाबी झाली. हात लावला तर टणक नव्हती, मऊच होती. म्हणजे मोरी वाहतेय. मूत्रनळीच्या टोकाशी थेंब जमायला दोनेक मिनिटं लागली असतील. एवढ्या वर्षांत ती दोन मिनिटं कधी छोटी झाली नाहीत. मग नळीला नळी जोडली, आत स्टेंट ठेवला.

पहिल्या आठवड्यात दोनदा घाबरवलं त्यानं. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन चालू होतं, त्यामुळे चौथ्या दिवशी जखमेत रक्त साठलं, पुन्हा ओटीत न्यावं लागलं. जास्त पातळ केलं तर रक्तस्राव, कमी केलं तर गुठळी. त्या दोरीवरून पाच-सहा दिवस चाललो. क्रिएटिनिन घरी जाताना १.३ होतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्याला आयुष्यभर आहे, रिजेक्शनच्या गोळ्यांबरोबरच. पायाला घट्ट मोजे. एसटीच्या लांबच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर उतरून चार पावलं चालायचं. आणि त्याच्या पाकिटात एक चिठ्ठी आहे, मराठीत आणि इंग्रजीत : माझी बसवलेली किडनी डाव्या बरगड्यांखाली आहे, जांघेत नाही, माझ्या जांघेतल्या शिरेत नळी घालू नका. कारण उद्या अपघात झाला आणि कुठल्या तरी कॅज्युअल्टीत रात्री दोनला कोणी तरुण डॉक्टर त्याला तपासायला लागला, तर तो किडनी जांघेतच शोधणार. मीही तेच केलं असतं.

आता ज्यांनी प्रश्न विचारले त्यांच्यासाठी. प्रत्येकाला सीटी लागतोच असं मी म्हणत नाही. पण तुमच्या माणसाला तरुणपणी पायात गुठळी झाली असेल, जन्मापासून एक किडनी नसेल किंवा वेगळ्या जागी असेल, पोटावर ठळक शिरा दिसत असतील, जांघेत डायलिसिसची नळी अनेकदा घातली असेल किंवा घालताना अडली असेल, लहानपणी नवजात कक्षात बरेच दिवस नळ्या घालून ठेवलं असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका. जुनी कार्डं फेकू नका, पिवळी पडलेली का असेनात. आणि 'डॉप्लर नॉर्मल आहे' असं ऐकलं तर एकच विचारा : कुठपर्यंत बघितलं? पोटातली मोठी शीर दिसली का? हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. कोणाला तो आगाऊपणा वाटलाच तर माझं नाव सांगा.

वायरची ती ओळ ज्यानं डिस्चार्ज कार्डावर लिहिली तो डॉक्टर कोण होता, मला माहीत नाही. सहीचं नुसतं एक गिरगिटं आहे. त्याला लिहायची गरज नव्हती, दुसरीकडून नळी गेली होती, काम झालं होतं. मी आमच्या नव्या मुलांना ते कार्ड झेरॉक्स करून दाखवतो.

मुलाचं आता स्वतःचं दुकान आहे. तीन महिन्यांनी एकदा येतो. गेल्या वेळी मावशीही आल्या होत्या, बीपी तपासायला. दात्याचीही वर्षातून एकदा तपासणी करायची असते, हे त्यांना दरवर्षी फोन करून सांगावं लागतं. दुर्बिणीच्या छिद्रांचे तीन आणि उघडून घेतला त्याचा एक, असे चार व्रण त्यांच्या कुशीवर आहेत. मी तपासत होतो तर म्हणाल्या, "साहेब, ही तीन फुकटची." आणि मोठ्यांदा हसल्या. मला काही तसं हसता आलं नाही.

बरं. पुढच्या वेळी रिजेक्शनच्या गोळ्या आणि त्या कधी घ्यायला विसरलो तर काय करायचं, यावर बोलू. प्रश्न पाठवत राहा.